रिपोर्ट नॉर्मल आहेत, असं ते म्हणतात

आजारातून उठलेल्या माणसांचे लेख मी शेवटाकडून वाचते. शेवटी 'आता मी ठणठणीत आहे' असं असेल तर तिथेच थांबते, कारण मला ते खरं वाटत नाही. म्हणून आधीच सांगून टाकते, मी ठणठणीत नाही. मागच्या मंगळवारीच मेथी निवडता निवडता छातीत धडधडायला लागलं होतं. फरक इतकाच, की आता मी चप्पल पायात सरकवून हॉस्पिटलकडे धावत नाही. इथवर यायला मला आठ महिने लागले आणि त्यातले निम्मे तरी मी माझ्या संशयी स्वभावापायी वाया घालवले. ज्यांचा स्वभाव असाच आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांना डॉक्टर सांगतील ते पटतं, त्यांचं बरं आहे.

संशय घेण्याचेच मला पैसे मिळतात. मी अंधेरीला एका मराठी मालिकेच्या सेटवर कंटिन्युइटी बघते. सूनबाई चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून निघते मंगळवारी आणि हॉलमध्ये पोचते शुक्रवारी, कारण दोन्ही सेट वेगळे, शूटिंगचे दिवस वेगळे. मधल्या काळात कपाचा कान उजवीकडून डावीकडे गेला, टिकली मोठी झाली, पदर दुसऱ्या खांद्यावर आला, तर ते पकडायचं काम माझं. चौदा वर्षं हेच करते आहे. कोणी "तसंच आहे गं सगळं" म्हणालं की मी आधी मोबाइलमधले फोटो काढते. निम्म्या वेळा तसंच नसतं.

*

त्या दिवशी हॉस्पिटलचा सीन होता. मालिकेतले सासरे आयसीयूत होते. आमचं आयसीयू म्हणजे प्लायवूडच्या तीन भिंती, एक खरा पलंग, आधीच रेकॉर्ड केलेली हिरवी रेघ दाखवणारा मॉनिटर आणि एक ऑक्सिजनचा मास्क, ज्याची नळी पलंगामागे जाऊन संपते. मी दिग्दर्शकाच्या मॉनिटरशेजारी खुर्ची टाकून बसले होते. सकाळी सातला सेटवर आले होते, दुपारचे चार वाजले होते आणि पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पुढच्या दोन दिवसांचे एपिसोडही हातात नव्हते, त्यामुळे जेवायचं नाव काढायची कोणाची हिंमत नव्हती.

आधी बोटांना मुंग्या आल्या. मग छाती इतकी धडधडायला लागली, की कुर्त्यावरून दिसतंय की काय असं वाटलं. घसा आवळला. श्वास आत जात होता, पण पुरत नव्हता. माणसांचे आवाज लांबून यायला लागले. आणि डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली, की बाबा असेच गेले.

माझे बाबा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. मी तेव्हा बारावीत होते. शनिवारी संध्याकाळी छातीत दुखतंय म्हणून ते आईला घेऊन घाटकोपरच्या आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. रविवारी सकाळी बाबा गेले. ही हकिगत आमच्या घरी आल्यागेल्याला इतक्या वेळा सांगितली गेली, की मला ती पाठ झाली आहे. डॉक्टरने 'काही नाही' म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकते, ती तेव्हापासून.

तर मी खुर्चीवरून खाली जमिनीवर बसले. कोणीतरी ओरडलं, "डॉक्टरांना बोलवा." आणि युनिटमधली चार माणसं धावत जाऊन विद्याधरकाकांना घेऊन आली.

विद्याधरकाका आमच्या मालिकेत डॉक्टर आहेत. आधीच्या दोन मालिकांतही तेच होते. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, कपाळावर काळजी. ते गुडघ्यावर बसले, माझं मनगट धरलं आणि स्वतःच्या घड्याळात बघत ठोके मोजायला लागले. ते घड्याळ बंद होतं. मला माहीत होतं, कारण सीनच्या वेळेप्रमाणे त्याचे काटे सकाळी मीच लावले होते. तरी कोणालाही यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. त्यांनी विचारलं, डावा हात दुखतोय का. विचारल्याबरोबर तो दुखायला लागला. मग त्यांनी त्यांच्या त्या खर्जातल्या आवाजात सांगितलं, "हार्ट आहे. वेळ घालवू नका."

गाडी दारात येईपर्यंत मला सेटवरच्या पलंगावर झोपवून कोणीतरी तोंडाला मास्क लावला. मी चार-पाच लांब श्वास घेतले. आणि मला बरं वाटायला लागलं.

*

खऱ्या हॉस्पिटलमध्ये ईसीजी झाला, रक्त घेतलं, छातीची सोनोग्राफी झाली. बोरिवलीहून माझा नवरा संदेश धापा टाकत आला. तो शाळेत गणित शिकवतो, तास अर्धवट सोडून निघाला होता. दोन तासांनी एक तरुण डॉक्टर आले आणि म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहेत. पॅनिक अटॅक वाटतोय."

संदेशचा जीव भांड्यात पडला. माझा नाही. मी ईसीजीची पट्टी मागून घेतली. नाव माझं होतं, वय त्र्याऐंशी छापलं होतं. माझं वय अडतीस. मी ते डॉक्टरांना दाखवलं आणि ही पट्टी माझीच कशावरून, असं विचारलं. ते म्हणाले, टाइप करताना आकडे उलटे पडले असतील, आणि त्र्याऐंशीव्या वर्षी असा ईसीजी असता तर त्यांनी मला घरी बोलावून सत्कार केला असता. संदेश हसला. मला त्या दोघांचाही राग आला. दुसरा ईसीजी काढायला लावला. तोही नॉर्मल आला.

त्या दिवसापासून माझ्या मनात दोन संशय शेजारी शेजारी राहायला लागले. एक म्हणजे, या डॉक्टरांना काहीतरी दिसलं नाहीये, घाटकोपरच्या डॉक्टरांना दिसलं नव्हतं तसंच. आणि दुसरा माझ्यावरच. नळी कुठेच जोडलेली नसलेल्या मास्कने मला बरं वाटलं होतं. खोट्या ऑक्सिजनने बरं वाटलं, तर मग दुखणं तरी खरं होतं का? मेकअपरूममध्ये कोणीतरी म्हणालं होतं, की मॅडमनी त्या दिवशी सगळ्यांपेक्षा भारी सीन दिला. प्रेमानेच म्हणालं होतं. पण कोण कोण हसलं, ते मी लक्षात ठेवलं.

आठवड्याने विद्याधरकाकांचा फोन आला. फार ओशाळले होते. म्हणाले, "वैशाली, खरं सांगतो, ते वाक्य माझ्या तोंडून आपोआप गेलं गं. मागच्या मालिकेत शंभर वेळा म्हटलंय." मी त्यांना 'असू दे काका' म्हटलं. पण आज कबूल करायला हरकत नाही, यानंतरही मला खऱ्या डॉक्टरपेक्षा त्यांचंच निदान जास्त पटत होतं.

*

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. एक वही केली. सेटवर सीनची नोंद ठेवते तशी माझ्या दिवसाची. कधी उठले, काय खाल्लं, किती चहा, किती झोप, छातीत कधी धडधडलं, नाडी किती. काहीतरी बदललं होतं आणि ते मला शोधायचं होतं.

पहिला आरोपी चहा. मी दिवसाला तीन-चार कप पिते अशी माझी समजूत होती. सेटवर चहा देणाऱ्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, नऊ तर मी देतो. बाकी कुठे पिता ते माहीत नाय." मी दुसऱ्या दिवशी चहा एकदम बंद केला, तर डोकं असं दुखलं की भिंतीवर आपटावं. म्हणजे चहात काहीतरी आहे, असं मी वहीत लिहिलं.

दुसरी आरोपी, माझ्या नणंदेने दिलेली वजन कमी करायची हिरवी पावडर. ती मी दोन महिने सकाळी नाश्त्याऐवजी घेत होते. तिला फोन करून मी डब्यावरचा मजकूर वाचून दाखवायला लावला आणि वर विचारलं, हे तू स्वतः का घेत नाहीस. ती चार महिने माझ्याशी बोलली नाही. पावडर बंद केली, ते चांगलंच झालं, पण विचारायची ती रीत नव्हती.

मग झोप. पाच तास, तीही उशाशी मोबाइल ठेवून, कारण उद्याचे सीन कधीही बदलून येतात. मग जेवणाच्या वेळा. मग एसी. मग शेजारच्या बिल्डिंगच्या कामाची धूळ. थायरॉइड तपासून घेतलं, नॉर्मल. लॅब बदलून पुन्हा तपासलं, पुन्हा नॉर्मल. संदेशला विचारलं, की हल्ली आमटीला तू कुठला मसाला वापरतोस. तो म्हणाला, तुझ्या आईने दिलेला. मसाला मी वहीतून खोडला.

आणि मग एक रविवार आला. सुट्टी होती. आठ तास झोप झालेली, पोटभर नाश्ता, दोनच कप चहा, मोबाइल घरी. आम्ही श्रीखंड आणायला गेलो होतो. डेअरीच्या रांगेत माझ्यापुढे तीन माणसं होती, आणि सगळं तेच पुन्हा सुरू झालं. बोटं, घसा, छाती, लांबून येणारे आवाज. संदेशने मला बाहेर पायरीवर बसवलं आणि पाठीवर हात ठेवून तो नुसता बसून राहिला. वीस मिनिटांनी सगळं ओसरलं. श्रीखंड राहिलंच.

त्या दिवशी माझं धाबं दणाणलं. वहीप्रमाणे त्या रविवारी काहीही व्हायला नको होतं. वहीतले आरोपी सगळे सुटले, तर उरतं ते हृदयच, असा मी अर्थ काढला.

*

संदेशने मला जवळजवळ ओढतच मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. बोरिवलीत एका स्टेशनरीच्या दुकानावर त्यांचा दवाखाना आहे. बाई पन्नाशीच्या, शांत. मी सगळे रिपोर्ट आणि वही टेबलावर ठेवली. त्यांनी वही नीट, पानं उलटत वाचली. यापूर्वी कोणी ती वाचली नव्हती. मग एका पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, की एका दिवसात नाडी एकसष्ट वेळा का बघितली. मी म्हटलं, लक्ष ठेवायला. त्या म्हणाल्या, "माझ्या नाडीवर कोणी इतक्या वेळा बोट ठेवलं तर माझंही धडधडेल."

त्यांनी सांगितलं, की एकच आरोपी शोधू नका. चहा, जागरण, उपाशीपोटी काम, सततची घाई, या सगळ्यांनी मिळून शरीर ताणलेलं असतं. ते कधी सेटवर फुटतं, कधी श्रीखंडाच्या रांगेत, ताण उतरल्यावरसुद्धा. मास्कचंही मी विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, ऑक्सिजन खोटा असेल, पण तुम्ही श्वास खरे घेतले, आणि सावकाश घेतले. दुखणं खरंच होतं. हे ऐकून मला रडू आलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा कोणी 'खरं' हा शब्द वापरला होता.

पण मग त्यांनी घरच्यांच्या आजारांचं विचारलं. मी बाबांची हकिगत सांगितली. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही होतात का तिथे, डॉक्टरांसमोर?"

मी नव्हते. माझा क्लास होता. पण हे विचारायचं कारण काय? डॉक्टर डॉक्टरची बाजू घेणार, हे उघड होतं. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन मी बाहेर पडले. गोळ्या घेतल्या, म्हणजे विकत घेतल्या, आणि कपाटात साड्यांखाली ठेवल्या. संदेशला सांगितलं, रोज घेते आहे.

पंधरा दिवसांत मला आणखी तीन वेळा झालं. एकदा सेटवर मी सूनबाईच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांच्या जागी लाल सोडल्या, आणि ते टीव्हीवर दिसलं. चौदा वर्षांत असं झालं नव्हतं. प्रॉडक्शनकडून विचारणा झाली, की मॅडमना विश्रांती हवी आहे का. याचा अर्थ मला कळतो. संदेशला साड्यांखाली गोळ्यांची न उघडलेली पाकिटं सापडली. तो माझ्यावर ओरडला नाही. त्याने माझ्या आईला फोन केला.

*

आई घाटकोपरहून एकटी आली, भर दुपारी. आई कधी रिकाम्या हाताने येत नाही. कोकम, कुळथाचं पीठ, निदान कोथिंबिरीची जुडी तरी असतेच. त्या दिवशी काही नव्हतं. माझ्या नजरेतून ते सुटलं नाही.

पाणी प्यायल्यावर तिने सरळ विचारलं, गोळ्या का घेत नाहीस. मी म्हटलं, "डॉक्टर काय, काहीपण सांगतात. तूच बघितलंयस ना आई."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. मग म्हणाली, "त्या डॉक्टरान गॅस म्हणून सांगितल्यान नाय."

मुंबईत चाळीस वर्षं काढूनही आई घाबरली की मालवणीत बोलते. मला आधी कळलंच नाही, ती काय सांगते आहे. मग तिने सांगितलं. डॉक्टरांनी बाबांना तपासून चिठ्ठी लिहून दिली होती, की आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात जा, ईसीजी काढा. गॅस आहे, हे बाबा म्हणाले होते, दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गावच्या मुंबई मंडळाची सभा होती. गणपतीला गावी जायच्या बसगाड्या ठरवायच्या होत्या आणि बाबा चिटणीस होते. सभा झाली की जाऊ, म्हणाले. पोरांना सांगू नकोस, म्हणाले. सभेतच ते कोसळले.

घरी जमलेले लोक विचारायला लागले, डॉक्टर काय म्हणाले होते. आई म्हणाली, गॅस. तेवढा एकच शब्द. माझा दादा तेव्हा बावीस वर्षांचा होता. तो मंडळाच्या माणसांना घेऊन दवाखान्यात गेला आणि तिथे नको ते बोलून आला. डॉक्टर सांगत होते, मी चिठ्ठी दिली होती. दादा म्हणाला, दाखवा. चिठ्ठी आईच्या पाकिटात होती. काही महिन्यांनी त्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. पुढे ते कुठे गेले, कोणाला माहीत नाही.

मी विचारलं, चिठ्ठी कुठे आहे. तिने फाडून टाकली होती. मी विचारलं, का नाही बोललीस.

"काय बोलू? माझ्याकडे चिठ्ठी होती, आणि मी ह्यांना सभेला जायला इस्त्रीचा शर्ट काढून दिला, हे सांगू?"

मी तिच्याजवळ गेले नाही. तिचा हात धरला नाही. खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते. मला तिचा भयंकर राग आला. बाबांचा आला. त्या डॉक्टरांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तर आठवेना, आणि त्याची लाज वाटली. आणि सगळ्यात जास्त राग माझा आला. कपाचा कान कुठल्या बाजूला आहे हे मी कोणाच्या शब्दावर सोडत नाही, पण ही एक गोष्ट वीस वर्षं मी फोटो न मागता खरी धरून चालले होते. ज्यांच्यावर संशय घेतला ते सगळे खरं बोलत होते.

महिनाभर मी आईशी कामापुरतंच बोलले. गोळ्या मात्र तिसऱ्या दिवसापासून सुरू केल्या. शहाणपण आलं म्हणून नाही, न घेण्याचं कारणच हातात उरलं नव्हतं म्हणून.

*

आता थोडं कामाचं. पहिल्यांदा असं झालं तर हॉस्पिटलला जाच. ते हृदय नाही, हे घरबसल्या कोणी ठरवू नये, तुम्ही नाही आणि ओळखीच्या विद्याधरकाकांनीही नाही. पण डॉक्टर तपासून 'नाही' म्हणाले, तर एकदा खात्री करून घ्या आणि मग थांबा. मला तिथे थांबता आलं नाही.

गोळ्यांनी गुण यायला काही आठवडे गेले. अधूनमधून त्या बाईंशी बोलायला जाते. चहा हळूहळू उतरवत दोन कपांवर आणला. वही बंद केली. प्रॉडक्शनला आजाराचं नाव सांगितलं आणि दीड वाजता जेवायला उठते म्हणजे उठते, हेही सांगितलं. मला वाटलं होतं, घरी बसवतील. कोणी काही बोललं नाही. मेकअपदादा तेवढे म्हणाले, की त्यांच्या मिसेसना सहा वर्षं आहे आणि ते सगळ्यांना अ‍ॅसिडिटी म्हणून सांगतात. नणंदेला मी स्वतः फोन करून माफी मागितली. तिने ती लगेच स्वीकारली, याचाही मला थोडा संशय आहे.

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "माझापण एकदा काढूया काय, ईसीजी?"

बाबा गेल्यापासून आई कुठल्याही डॉक्टरकडे गेलेली नाही. ताप आला तर काढा, गुडघे दुखले तर तेल. डॉक्टरांवरचा राग आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आता मला कळत होतं, की तो राग नव्हता. कुठल्याच डॉक्टरसमोर बसायला तिला तोंड उरलेलं नव्हतं.

मी सुट्टी टाकून घाटकोपरला गेले. तपासणीच्या पलंगावर ती डोळे घट्ट मिटून पडली होती. मग डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत अंग चोरून बसली. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचले, आजी, सगळं चांगलं आहे म्हणाले, काळजीचं काही नाही. आई त्यांच्याकडे बघेचना. बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर तिने माझं मनगट धरलं.

"खरं सांगतायत ना गं ते?"

मी म्हटलं, "हो आई. खरं सांगतायत."

दोन पावलं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी हे तिची समजूत काढायला म्हटलं नव्हतं.